मोतीची जागा

"कुत्र्यासाठी कसला शोक करता, बाई? उद्या दुसरा आणा."

२०२४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, शब्बाथची सकाळची प्रार्थना आटोपून आम्ही मंडळी सिनेगॉगच्या अंगणात उभी असताना एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला असे ऐकवले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. माझा उतरलेला चेहरा पाहून धीर देण्यासाठीच ते बोलले होते. आमचा मोती त्याच आठवड्यात, मंगळवारी, गेला होता. मी मान हलवली आणि विषय बदलला. परंतु ते वाक्य मनात घर करून राहिले. त्यात दोन मते एकत्र बांधलेली आहेत. पहिले असे की, मुक्या जनावरासाठी शोक करणे शहाण्या माणसाला शोभत नाही; आणि दुसरे असे की, कुत्रा गेल्याच्या दुःखावर उत्तम औषध म्हणजे नवा कुत्रा. ही दोन्ही मते मला चुकीची वाटतात. पैकी दुसऱ्या मताची किंमत तर आमच्या घराने स्वतः मोजली आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या पिढीतील बहुतेकांच्या आठवणीतला कुत्रा हा दारचा कुत्रा असतो. अलिबागजवळच्या आमच्या गावी, आजोबांच्या घरी असाच एक होता. त्याचे राज्य अंगणापासून पडवीपर्यंत. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकण्याची त्याला मुभा नव्हती. शिळ्या भाकरीचा तुकडा, भाताचे खरवडलेले बूड आणि बाजारच्या दिवशी मासळीची डोकी एवढ्यावर तो वाडीची राखण करी. त्याचे नाव मोती. तो म्हातारा होऊन कुठे तरी नाहीसा झाला, की गावातलेच एखादे पिल्लू आणले जाई आणि त्याचेही नाव मोतीच ठेवले जाई. माझ्या लहानपणी मी असे तीन मोती पाहिले. दुसरा मोती गेला तेव्हा मी रडू लागले, तर आजी म्हणाली, "अगं, मोती कधी मरत नसतो." आजी निर्दय नव्हती. घरच्या माणसांच्या आधी ती गोठ्यात आणि अंगणात घास टाकीत असे. पण तिच्या हिशेबी मोती हे एक पद होते; एक गेला की दुसऱ्याची नेमणूक व्हायची.

मी शिक्षिकेचे शिक्षण घेऊन काही वर्षे तिकडच्या शाळांतून शिकवले आणि १९९४ साली आम्ही इस्राएलला आलो. अश्दोदला तिसऱ्या मजल्यावर घर मिळाले. तेथे अंगण नाही, पडवी नाही, राखण करण्यासारखी वाडी नाही. त्यामुळे कुत्रा पाळण्याचा विचार कधी मनात आला नाही. २०११ साली धाकट्या मुलाची बार मिट्झ्वा झाली तेव्हा त्याने दुसरे काहीच मागितले नाही. कुत्रा मात्र मागितला. नगरपालिकेच्या कुत्रेघरातून आम्ही एक तांबूस, छातीवर पांढरा पट्टा असलेले, तीन महिन्यांचे पिल्लू आणले. २००२ च्या कायद्याप्रमाणे त्याच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली गेली, रेबीजची लस टोचली गेली, परवाना झाला. परवान्यावर नाव घालायचे म्हणून कारकुनाने विचारले, आणि माझ्या तोंडून आपसूक निघाले, "मोती".

या नावाने पुढे बरीच गंमत केली. येथे मोर्देखाय नावाच्या निम्म्या पुरुषांना लाडाने 'मोती'च म्हणतात. मी जिन्यातून हाक मारली की दुसऱ्या मजल्यावरचे एक सभ्य गृहस्थ दार उघडून बाहेर येत. पुढे पुढे ते हसून म्हणू लागले, "मला, की त्याला?"

आणखी एक गोष्ट घडली, ती मात्र मी ठरवून केलेली नव्हती. मोतीला शिकवायचे काम माझ्याकडे आले आणि मी ते मराठीत केले. बस, थांब, ये, सोड, खाली उतर. त्याला दुसरी भाषा कळेना. मुलाशी आम्ही मराठीत बोलत असू आणि तो हिब्रूत उत्तर देत असे. आपल्यापैकी कितीतरी घरांत हेच चालते. परंतु मोतीशी बोलताना त्याला मराठीवाचून गत्यंतर नव्हते. तेरा वर्षांच्या मुलाने "ये रे माझ्या राजा" असे म्हणत कुत्र्याच्या गळ्यात पडावे, आणि त्याच मुलाने मला मात्र "मा कारा, इमा?" असे विचारावे! मी मोतीचा थोडा हेवाही केला असेन. सैन्यातून सुटीवर आला की मुलगा दारातूनच हाक मारी, "मोती, ये!" ती त्याच्या तोंडची सबंध दिवसातली पहिली मराठी असे, आणि पुष्कळदा शेवटचीही.

मोती म्हातारा झाला. २०२३ च्या ऑक्टोबरात युद्ध सुरू झाले आणि मुलाला राखीव दलात बोलावणे आले, तेव्हा मोतीने बारा वर्षे ओलांडली होती. मागचे पाय अधू झाले होते. अश्दोदला भोंगा वाजल्यावर आसरा गाठायला पाऊण मिनिट मिळते. आमची इमारत जुनी. घरात सुरक्षित खोली नाही, आसरा तळघरात. वीस किलोचा कुत्रा उचलून पाऊण मिनिटात तीन मजले उतरणे आम्हा दोघांच्या हातून होण्यासारखे नव्हते. मग आम्ही जिन्याच्या मधल्या वळणावर बसत असू: हे, मी आणि आमच्या दोघांच्या मांडीवर पसरलेला, थरथरणारा मोती. शेजारच्या लहान मुली येऊन त्याच्या कानांवर हात ठेवीत. त्याला धीर देता देता त्यांचे स्वतःचे रडणे थांबे, हे मी पाहिले आहे.

जानेवारीत तो फार पाणी पिऊ लागला, अन्नावरची वासना उडाली, वजन उतरले. पशुवैद्याने रक्त तपासून सांगितले की मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत. या वयात औषधाने काही दिवस वाढतील, इतकेच. तीन आठवडे आम्ही सलाईन आणि पथ्याचे अन्न यांवर काढले. शेवटी तो पाणीही ठेवीना. आम्ही आमच्या रब्बींना विचारले. जनावराच्या यातना संपवण्यास त्यांनी हरकत घेतली नाही. तो मंगळवार मी विसरणार नाही. प्रथम गुंगीचे इंजेक्शन दिले, त्याने त्याला झोप लागली. मग भूल देण्याच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून गेली आणि एक-दोन मिनिटांत हृदय थांबले. डोळे उघडेच राहिले. ते तसे राहतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते म्हणून मी घाबरले नाही. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना माझे सांगणे आहे की, जमेल तर शेवटपर्यंत जवळ राहा. त्याला आपला आवाज ओळखीचा असतो.

आता आमच्या चुकीकडे येते. मुलगा दूर होता. फोन जवळ ठेवण्याची मुभा त्यांना नसे. आठवड्यातून एखाद-दोन वेळा तो बोले. शुक्रवारी दुपारी फोन आला आणि नेहमीप्रमाणे त्याने विचारले, "मोती कसा आहे?" मी म्हणाले, "बरा आहे. झोपला आहे." पंचवीस वर्षांचा, हातात बंदूक घेतलेला मुलगा, त्याच्या मनावर आणखी भार नको, असे मी स्वतःला समजावले. सोमवारी पुन्हा तेच विचारले गेले आणि मी पुन्हा तेच सांगितले. ज्या बाईने वर्गात शेकडो मुलांना खरे बोलायला शिकवले, तिने आपल्या मुलाशी दोनदा खोटे बोलून घेतले.

सिनेगॉगच्या अंगणातील ते वाक्य उच्चारले गेले तेव्हा यजमान माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी ते सल्ला म्हणून घेतले. बुधवारी ते कुत्रेघरात गेले आणि एक पिल्लू घेऊन आले. तसेच तांबूस, छातीवर तसाच थोडा पांढरा. "तो येईल तेव्हा घर रिकामे दिसायला नको," असे ते म्हणाले. मी विरोध केला नाही. दुसरी गादी घरात नव्हती म्हणून पिल्लाला मोतीच्या गादीवर निजवले.

त्या शुक्रवारी मुलगा अचानक सुटीवर आला. दार उघडून त्याने हाक मारली, "मोती, ये!" आणि आतून पिल्लू धावत आले.

तो खांद्यावरची बंदूक न उतरवता उभा राहिला. पिल्लाकडे, गादीकडे, मग माझ्याकडे पाहिले. "हे कोण?" असे त्याने विचारले नाही. त्याने मराठीत एकच शब्द विचारला, "केव्हा?"

मी सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग हिब्रूत म्हणाला, "आई, मला तिथे दर काही दिवसांनी कोणी तरी गेल्याचे सांगतात. ते मला सांगता येते, आणि हे सांगता येत नव्हते?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या सुटीत त्याने पिल्लाला हात लावला नाही. पिल्लू त्याच्या बुटांची नाडी चावीत बसे आणि तो पाय बाजूला घेई. यजमान फार खजील झाले. बिचाऱ्या पिल्लाचा यात काय दोष? परंतु त्याच्याकडे पाहिले की आम्हा तिघांनाही आपापली लबाडी दिसत होती. माझी बोलण्यातली, यजमानांची कृतीतली, आणि मुलाला आम्हा दोघांची.

हे घरगुती गाऱ्हाणे मी चव्हाट्यावर का मांडते, असे कोणी विचारील. यासाठी की आज आपल्या पुष्कळ कुटुंबांत कुत्रा आहे, तो अंगणात नसून घरात आहे, आणि तो एक ना एक दिवस जाणार आहे. त्या दिवशी काय करावे, हे आपल्या आजी-आजोबांनी आपल्याला शिकवलेले नाही, कारण त्यांच्यावर तशी वेळच आली नव्हती.

प्रथम शोकाविषयी. आपला धर्म शोकाला मर्यादा घालतो आणि ती मर्यादा मला मान्य आहे. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी आणि पती अथवा पत्नी, या सात नात्यांसाठी आपण शिवा बसतो. कुत्र्यासाठी शिवा नाही, कादिश नाही, वस्त्र फाडणे नाही. कोणी तसे करू लागेल तर मीच त्याला विरोध करीन, कारण माणसासाठी राखलेले विधी माणसासाठीच राहिले पाहिजेत. परंतु विधी नाही याचा अर्थ अश्रूंना बंदी आहे असा होत नाही. ज्या तोरेने आपल्याला शब्बाथ दिला, तिने त्या दिवशी गुराढोरांनाही विश्रांती दिली. कोकणात आपल्याला 'शनिवार तेली' म्हणत. शनिवारी तेल्याचा घाणा बंद, म्हणजे घाण्याचा बैलही मोकळा. शेजाऱ्यांनी आपल्याला दिलेल्या त्या नावात आपल्या विश्रांतीबरोबर एका मुक्या प्राण्याचीही विश्रांती सामावलेली आहे, हे आपण का विसरावे? जनावराला चारल्यावाचून आपण जेवू नये, हे तर आपल्या शास्त्राने सांगितलेच आहे; माझी आजी ते पुस्तक न वाचता पाळीत होती.

आणि कुत्र्याविषयी म्हणाल, तर निर्गमाच्या अकराव्या अध्यायात, आपण मिसर सोडले त्या रात्री, इस्राएलांवर एकही कुत्रा भुंकणार नाही असे सांगितलेले आहे. पुढे बाविसाव्या अध्यायात, आपल्याला निषिद्ध असलेले फाडलेल्या जनावराचे मांस कुत्र्याला टाकावे अशी आज्ञा येते. त्या रात्रीच्या मौनाचे हे बक्षीस आहे, असे आपले ऋषितुल्य भाष्यकार सांगतात. ज्या धर्माने एका रात्रीच्या गप्प राहण्याची अशी आठवण ठेवली, तो तेरा वर्षांच्या सोबतीची आठवण ठेवणाऱ्याला हसेल असे मला वाटत नाही. आपण ज्या भूमीत वाढलो तेथेही धर्मराजाने बरोबरच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारल्याची कथा मुलांना सांगतात. मी ती तिकडच्या शाळेत सांगत असे आणि येथेही सांगते.

येथे एक प्रामाणिक शंका येते, आणि ती मलाही आली. ज्या वर्षी या देशात इतक्या आईबापांनी आपली मुले पुरली, त्या वर्षी कुत्र्यासाठी रडावे का? मला लाज वाटली, हे मी कबूल करते. पुत्र गमावलेल्या कोणा मातेसमोर मी मोतीचे नाव काढले नाही, आणि कोणीही काढू नये. शोकातही पायरी ओळखावी लागते. पण आपल्या घरच्या चार भिंतींत लहान दुःखाला लहान दुःख म्हणून जागा द्यावी. ते दाबून टाकल्याने मोठे दुःख सोसायचे बळ वाढते असे नाही. माझ्या मुलाने तेच मला एका वाक्यात शिकवले.

दुसरा प्रश्न, मुलांना काय सांगावे? माझे उत्तर एका शब्दाचे आहे: खरे. माझ्या वर्गातील दुसरीतल्या एका मुलाला घरच्यांनी सांगितले होते की त्यांचा आजारी कुत्रा एका मोशावमध्ये, मोठ्या शेतावर राहायला गेला आहे. तो मुलगा दर शुक्रवारी विचारी, "आज त्याला भेटायला जाऊ या?" कधी रस्ता लांब, कधी गाडी बिघडलेली, अशी कारणे सांगून सांगून आईवडील थकले. पुढे तो विचारीनासा झाला. त्याला कळले म्हणून नव्हे. घरच्यांना आपल्याला नेण्याची इच्छाच नाही, असे त्याने मनाशी ठरवले म्हणून. ते त्याने मला एका चित्राच्या निमित्ताने सांगितले. दुःख वाचवायला गेले आणि त्याच्या जागी संशय पेरला गेला.

"झोपला" हाही शब्द लहान मुलांपुढे वापरू नये. पाच-सहा वर्षांचे मूल शब्दाला धरून चालते. मग त्याला स्वतःच्या झोपेची भीती वाटू लागते. "मेला" हा शब्द कठोर आहे, पण त्यात फसवणूक नाही. त्याचे शरीर थांबले, आता त्याला दुखत नाही, तो परत येणार नाही, एवढे तीन वाक्यांत सांगावे आणि मूल विचारील तितक्या वेळा, न कंटाळता, तेच सांगावे. डॉक्टरांकडून त्याला शांत करवले असेल तर तेही लपवू नये. मोठ्या मुलांना आधी सांगून निरोप घेऊ द्यावा. त्यांच्या हाताला काही काम द्यावे: पट्टा धुऊन ठेवणे, चित्र काढणे, चांगली छायाचित्रे निवडणे. आणि मूल दूर असेल, सैन्यात असेल, परदेशी असेल, तरी वय वाढले म्हणून खऱ्याचा हक्क कमी होत नाही.

तिसरा प्रश्न नव्या पिल्लाचा. ते आणूच नये असे माझे मत नाही. काही माणसे "पुन्हा कुत्रा नको" असे म्हणतात. त्यांचा तो निर्णय आदराने ऐकावा, त्यांना भरीस घालू नये. परंतु ज्यांना आणायचे आहे त्यांनी घाई करू नये. किती दिवस थांबावे, याचे पंचांग नाही. माझ्या मते तीन खुणा पुरेत. गेलेल्याचे नाव घेताना घरातील माणसांचा कंठ दाटून येणे थांबले आहे का? घरातील सर्वांना, दूर असलेल्यांनाही, विचारले आहे का? आणि आपल्याला खरोखर एक पिल्लू हवे आहे, की मोतीच परत हवा आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "मोती" असे येत असेल, तर अजून थांबावे. नाहीतर त्या अजाण जिवाला जन्मभर दुसऱ्याच्या मापाने मोजले जाईल. मोती असे करीत नसे, मोती बुटांना तोंड लावीत नसे, असे त्याला ऐकवले जाईल. मोतीनेही पहिल्या वर्षी माझे दोन जोड फाडले होते. ते आपण सोयीस्करपणे विसरतो.

म्हणून नव्याला जुन्याचे नाव देऊ नये, जुन्याची गादी देऊ नये. माझ्या आजीने नाव पुन्हा वापरले, ते तिच्या जागी बरोबर होते. तिचा मोती हे पद होते आणि पद भरता येते. आमचा मोती तेरा वर्षे आमच्या पायाशी निजलेला एक जीव होता. ती जागा भरायची नसते. तिच्या शेजारी दुसरी जागा करायची असते.

पिल्लाचे देणेही लहान नसते, हे आणण्यापूर्वी समजून घ्यावे. आठ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नये. लसींच्या मात्रा साधारण चार महिन्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्याव्या लागतात. त्या पुऱ्या होईपर्यंत इतर कुत्रे फिरतात त्या मातीत सोडू नये. परंतु कडेवर घेऊन रस्ता, गाड्या, मुले यांची ओळख याच वयात करून द्यावी, कारण पहिल्या तीन-चार महिन्यांत जे ओळखीचे होते त्याची पुढे भीती राहत नाही. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, चिप आणि परवाना. येथील बागांतून शेणकिड्यांवाटे एक जंत कुत्र्याच्या पोटात जातो आणि अन्ननलिकेत गाठी करतो. त्यांतून पुढे कर्करोगही होऊ शकतो. त्याचे प्रतिबंधक औषध नियमित द्यावे लागते. आणि आपल्या स्वयंपाकघरासाठी एक विशेष सूचना: कांदा, लसूण, चॉकलेट कुत्र्याला विषारी. तसेच द्राक्षे आणि मनुका. किद्दूशच्या शरबतासाठी शुक्रवारी भिजत घातलेल्या काळ्या मनुका पिल्लाच्या तोंडी लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवाव्यात. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

शिवाय हे बारा-पंधरा वर्षांचे देणे आहे. मी आज पन्नाशीच्या उत्तरार्धात आहे. पिल्लू म्हातारे होईल तेव्हा मी सत्तरी ओलांडलेली असेन, आणि त्याला तीन वेळा जिना उतरवायचा असेल. आपल्यातील वृद्ध जोडप्यांनी पिल्लाऐवजी कुत्रेघरातील सहा-सात वर्षांचा शांत कुत्रा आणण्याचा विचार करावा, असे मी सुचवीन. तशा कुत्र्यांना कोणी नेत नाही, आणि त्यांना सोबतीची गरज पिल्लाहून कमी नसते.

आमच्या घरी पुढे काय झाले ते सांगून आटोपते. सुटी संपायच्या आदल्या संध्याकाळी मुलगा बाहेर गेला आणि एक नवी गादी घेऊन आला. मोतीची गादी त्याने झटकली, घडी केली आणि स्वतःच्या कपाटात ठेवली. पिल्लाला उचलून नव्या गादीवर ठेवले. हाच त्याचा पहिला स्पर्श. मग विचारले, "याचे नाव काय ठेवलेत?" आम्ही काहीच ठेवले नव्हते, खरे सांगायचे तर चुकून दोनदा मोती म्हणून हाक मारली होती. त्याने पिल्लाच्या तांबूस पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मलिद्यात घालतेस ना, त्या रंगाचा आहे. गूळ." तेव्हापासून तो गुळ्या. नाव मराठी असावे असे त्याला कोणी सांगितले नव्हते.

गुळ्या आता चांगला मोठा झाला आहे. तो मोतीसारखा शहाणा नाही, भित्रा आहे, आणि भोंग्याच्या आधीच त्याला कशी कोण जाणे चाहूल लागते. मुलाची राखीव सेवा संपली, पुन्हा बोलावणे आले, पुन्हा संपली. दोघांचे मराठी चालू आहे. कपाटातील गादीला कोणी हात लावीत नाही.

ते वडीलधारे गृहस्थ अजून भेटतात. त्यांना मी एवढेच सांगेन की, तुमचा सल्ला आम्ही पाळला आणि दहा दिवस आमचे मूल आमच्यापासून दुरावले. वाचकांना विनंती अशी की, आपल्या घरी अशी वेळ आली आणि आपले कोणी दूर असले, तर त्याच दिवशी फोन करून सांगा. पिल्लाचे नंतर पाहता येईल.